दावणीचे बैल आणि सरकारची वसुली

मार्च जवळ आला की वसुलीच्या नोटिसा फिरायला लागतात. परवा निरगुडसरात एका भावकीतल्यानं विचारलं, "दादा, पाणीपट्टी थकली तर दावणीचे बैल सोडून नेतील का ओ?" म्हटलं, नाही. पण हे 'नाही' आलं कुठून, ते लिहितो.

१२ मे १८७५. आपल्याच जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. कापसाचा भाव पडलेला, त्याआधी सरकारनं सारा वाढवलेला, आणि सारा भरायला सावकाराचाच उंबरा. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. मग चौकशी बसली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. सावकाराच्या पैशापायी शेतकऱ्याला कैद करायची नाही, आणि गहाण न दिलेली जमीन विकायची नाही.

आता गंमत बघा. त्याच १८७९ साली मुंबई सरकारनं जमीन महसुलाचा कायदा केला. त्यात स्वतःच्या साऱ्यासाठी जमीन सरकारजमा करायची आणि थकबाकीदाराला धरायची मुभा ठेवली. सावकाराला दावं लावलं, आपण मोकळे! एक मात्र बरं केलं: दिवाणी जप्तीतून ज्या वस्तू सुटतात, त्या साऱ्याच्या जप्तीतूनही सोडल्या. बैल नेला तर पुढच्या वर्षीचा सारा कोण देणार, एवढं कुणालाही कळतं.

पण कागदावरचा हक्क रयतेला सांगणार कोण? १८९६-९७ च्या दुष्काळात टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी ते काम केलं. सभेची माणसं गावोगाव जाऊन दुष्काळाचा सरकारी कायदाच समजावून सांगायची, की पीक बुडालं तर सारा तहकूब होतो, बैलभांडी विकून भरू नका. सरकारला ते झोंबलं, १८९७ साली सभेची मान्यताच काढली. सरकारचाच कायदा सांगितला म्हणून!

आज आपल्याला लागू आहे १९६६ ची महसूल संहिता. तिचं १८० कलम जंगम मालाच्या जप्तीचं. दिवाणी संहितेच्या ६० कलमात सुटलेल्या वस्तू इथंही सुटतात: अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्मानं काढता न येणारा दागिना, शेतीची अवजारं, आणि पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरं व बियाणं. 'तेवढी' हा शब्द नीट वाचा. दहा म्हशींचा गोठा आपोआप सुटत नाही. चाळीतला विकायचा कांदाही सुटेल असं धरून चालू नका. तारण दिलेल्या ट्रॅक्टरचं तर वेगळंच.

आणि जमीन? ती या यादीत नाहीच. साऱ्याचा पहिला बोजा तिच्यावरच असतो. राहतं घर दिवाणी हुकूमनाम्यात वाचतं, पण १८० ची सूट फक्त जंगमाची आहे, म्हणून घराबद्दल वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

जप्तीला कुणी आलंच तर भांडू नका. काय काय नेतात त्याची यादी मागा, अवजारं-बियाणं असेल तर तिथंच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. भावकीतल्याला एवढं सांगितलं, तर म्हणाला, "बैलं वाचली, पण सातबारा नाही वाचत म्हणा." दुसऱ्या दिवशी निम्मी पाणीपट्टी भरून आला.