वॉटसनच्या हॉटेलातली बिऱ्हाडे

कर्जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्याला काम एक वेळ मिळते, खोली मिळत नाही. मुंबईतील कित्येक जुन्या इमारतींचा इतिहास या खोलीच्या गरजेने घडवला आहे. काळा घोडा भागातील एस्प्लनेड मॅन्शन ही त्यांपैकीच एक.

जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. १८६० च्या दशकात त्याने ही इमारत उभारली. तिचा आराखडा रोलंड ऑर्डिश या इंजिनिअरचा. बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला. वॉटसनचे हॉटेल गोऱ्या साहेबांसाठी होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम इथेच दाखवली गेली; तिकीट एक रुपया. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनची रया जाऊ लागली.

पुढे हॉटेल बंद पडले. मोठ्या दालनांत फळ्यांच्या भिंती घालून लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या. समोरच कोर्ट असल्याने वकील आले, दुकानदार आले, बिऱ्हाडेही आली. जिथे हिंदी माणसाला पाहुणा म्हणून मज्जाव होता, तिथे त्याची चूल पेटली.

१९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला आधार दिला, पण भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. १ जुलै २००५ रोजी इमारतीचा काही भाग कोसळून एक जण ठार झाला. जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की वाचवावी, यावर तज्ज्ञांचे वाद झाले. त्या वादात बिडाच्या खांबांना वकील मिळाले. तिथे हयात काढलेल्यांची आठवण फारशी कोणी केली नाही.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारजवळ पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. गोठलेले भाडे, पगडी, रखडलेली दुरुस्ती हे डोंगरी-नागपाड्याचेही रोजचे जिणे आहे.

'इमारत' आणि 'उम्र' हे दोन्ही शब्द अरबीतील एकाच धातूचे. वस्ती करणे, आबाद करणे, हा अर्थ 'इमारत' या शब्दातच आहे. मग वास्तूचा इतिहास लिहिताना बांधणाऱ्याचे नाव राहावे आणि राहणाऱ्यांचे पुसले जावे, हे कसे? जुनी घरे पाडून बुरूज उठत आहेत. भाडेपावत्या, पगडीचे कागद, रेशनकार्डे रद्दीत चालली आहेत. आपल्या मोहल्ल्याचा इतिहास त्यांतच आहे. निदान एवढे तरी आपण जपून ठेवावे.