मग, मागी, मोबेद

पणजीहून मांडवीपलीकडे पाहिलं की रेईश मागूशचा किल्ला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी १५५५ची पांढरी चर्च. ६ जानेवारीला तिथे तीन राजांचं फेस्त असतं, तीन मुलगे राजे होऊन घोड्यांवरून येतात. हे नाव एखाद्या पोर्तुगीज सरदाराचं असावं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. रेईश म्हणजे राजे, हे कळलं. पण मागूश? त्या शब्दाच्या मागे लागलो आणि थेट मुंबईच्या अग्यारीशी पोचलो.

पारशी धर्मगुरूला मोबेद म्हणतात. हा शब्द झिजत झिजत ‘मगुपति’पासून आला: मगूंचा, म्हणजे इराणी पुरोहितांचा, प्रमुख. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात ताऱ्याच्या मागाने बेथलेहेमला आलेले पाहुणे मूळ ग्रीकमध्ये ‘मागोइ’ आहेत, मराठी बायबलात ‘मागी’. मोबेदमधला ‘मो’ आणि मागूशमधला ‘माग’ एकाच घरचे.

पूर्वपीठिका थोडक्यात. बेहिस्तूनच्या शिलालेखात इ.स.पू. ५२२मध्ये इराणची गादी बळकावणारा गौमात ‘मगु’ म्हटला आहे. हिरोडोटसच्या मते ही मिडियातली एक जमात. ग्रीकांनी शत्रूच्या पुरोहितांचं हे नाव उचललं आणि त्याला भोंदू, चेटक्या असाही अर्थ चिकटवला. ‘मॅजिक’ तिथूनच आलं. मला याची फार हळहळ वाटते. आपला ‘जादू’ फारसीतून आला. तो मूळचा ‘यातु’, वेदातल्या यातुधानांचा. पारशांच्या अवेस्तेत यातु हे पाप आहे. ज्यांना जादू निषिद्ध, तिला नाव मिळालं त्यांचंच.

आता मुख्य मुद्दा. काही अभ्यासक म्हणतात, मत्तयाने हा शब्द चांगल्या अर्थाने, ‘ज्ञानी’ म्हणून वापरला. मला पटत नाही. दानिएलाच्या ग्रीक भाषांतरात राजाचं स्वप्न सांगता न आलेल्या दरबाऱ्यांत मागोइ आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनातल्या शिमोनाचा धंदा आणि सायप्रसमधल्या बर्येशूचं बिरुद याच शब्दाचं आहे, आणि दोघंही तिथे खोटेच ठरतात. मत्तयाच्या वाचकाच्या कानाला हा शब्द खटकणारच. तरी त्याने तोच ठेवला. ज्याने येशूच्या वंशावळीत तामार, राहाब, मवाबी रूथ आणि उरियाची बायको आवर्जून घेतली, त्याच्या हातून हे चुकून झालं असेल? लूकचे मेंढपाळ निदान गावचे तरी होते. मत्तयाच्या गोष्टीत बाळापुढे पहिल्यांदा वाकतात ते परदेशी, परधर्मी, ताऱ्यांवरून भाकीत करणारे.

पुढच्या ख्रिस्ती पिढ्यांना हे अवघड गेलं असावं. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली. यशया आणि स्तोत्रांतले नजराणे आणणारे राजे आठवून त्यांच्या डोक्यावर मुकुट आले. मग गास्पार, मेल्खियोर, बाल्थाझार ही नावं. मत्तयाने यातलं काहीच लिहिलेलं नाही. रेईश मागूश या नावात दोन्ही थर अजून शेजारी शेजारी आहेत: पुढे राजा, मागे मग.

ते आले कुठून? प्राचीन ख्रिस्ती लेखक जस्टिन म्हणतो अरबस्तानातून, आणि ऊद-गंधरस तिकडचेच. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणतो इराणातून. शब्द इराणी असताना मी क्लेमेंटला सोडणार नाही. ऊद बाजारात कुणालाही मिळत होता.

शब्दाच्या मुळाबद्दलचं भांडण याहून रंगतदार आहे. भाषाशास्त्रज्ञ बेन्वेनिस्तच्या मते ‘मगु’ म्हणजे जमातीतला माणूस. दुसरे तो ‘सामर्थ्य’ या अर्थाच्या धातूकडे नेतात. तिसरं मत तो अवेस्तेतल्या गाथांमधल्या ‘मग’शी आणि वेदातल्या ‘मघ’शी जोडतं: मघ म्हणजे दान, म्हणून इंद्र मघवा. अकारान्त ‘मग’चा उकारान्त ‘मगु’ कसा झाला, हे या मताला नीट सांगता येत नाही. तरी मी याच बाजूचा. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्यांच्या नावात दान असावं, एवढंच माझं कारण, तो पुरावा नव्हे.

आणि हे मग आपल्याकडेही आले आहेत. भविष्यपुराणात कृष्णाचा मुलगा सांब कोडातून बरा झाल्यावर चंद्रभागेकाठी सूर्यमंदिर बांधतो. पूजेला इथला पुरोहित मिळेना, म्हणून शाकद्वीपाहून मगांची अठरा कुळं आणतो. त्यांच्या कमरेला ‘अव्यंग’ असे. अवेस्तेतला तो ‘ऐव्याओंघन’, म्हणजे पारशांची कुस्ती. वराहमिहिरानेही सूर्यमूर्तीच्या स्थापनेचा मान मगांनाच दिला. इथेही परके पुरोहित आहेत. पण इथे यजमानानेच त्यांना बोलावून आणलं.

बेथलेहेमच्या चर्चची एक दंतकथा नवव्या शतकातल्या लेखात येते. ६१४ साली इराणचा राजा खुस्रो याच्या फौजेने त्या मुलखात चर्चं पाडली. या चर्चपाशी मात्र सैनिक थबकले. भिंतीवरच्या चित्रात बाळापुढे वाकलेल्या माणसांचा पोशाख त्यांच्याच देशाचा होता. त्यांनी चर्चला हात लावला नाही.