सक्तीचा कायदा, झोपड्यांचा दवाखाना आणि अहेरीतील लस

१/
१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड लसीकरण सुरू झाले. दुसऱ्या लाटेत शहरांतील लोक लसीसाठी पहाटेपासून रांगा लावत होते. त्याच काळात अहेरी, एटापल्ली, भामरागड या गडचिरोलीच्या दक्षिणेकडील तालुक्यांत मात्र अनेक गावे लसीकरण पथकाला परत पाठवत होती. लस घेतली की माणूस दगावतो, मूल होत नाही, अशा अफवा पसरल्या होत्या.

२/
या नकारावर ‘आदिवासींचे अज्ञान’ असा शिक्का मारणे सोपे होते आणि तो मारलाही गेला. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी सुशिक्षितांच्या पुण्यानेही आरोग्ययंत्रणेपासून आपले रुग्ण लपवले होते. तेव्हा अविश्वासाचे मूळ निरक्षरतेत शोधून भागत नाही.

३/
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला हवे ते उपाय योजण्याचा अधिकार होता, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती आणि अधिकाऱ्याला संरक्षण होते. रुग्णाच्या हक्काविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

४/
पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. गोरे सोजीर घराघरांत, माजघरांत आणि देवघरांत शिरून झडती घेऊ लागले. संशयितांना छावणीत नेले जाऊ लागले. परिणाम उलटाच झाला: लोक आजार लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलै रोजी त्याचा मृत्यू झाला.

५/
त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. तेथे सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच होता. रुग्णाला हात लावणारी माणसे निराळी होती.

६/
अहेरी तेव्हा मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्याची मोठी जमीनदारी होती. येथील माडिया आणि गोंड समाजाला सरकार भेटले ते प्रथम जंगलखात्याच्या रूपाने: राखीव वने, मनाई, वेठ. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ज्या प्रांतांना सर्वाधिक झोडपले, त्यांत मध्य प्रांत होता. रानातल्या माणसाने तो आजार बहुतांशी डॉक्टराविनाच सोसला.

७/
२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले, तेव्हा अनोळखी माणूस दिसताच लोक रानात पळत. डॉक्टर झोपडीत राहिले, माडिया बोली शिकले, झाडाखाली रुग्ण तपासू लागले. लोकांच्या अंगावर पुरेसे कापड नाही म्हणून प्रकाशभाऊंनीही अर्धी चड्डी आणि बनियन हाच वेश पत्करला.

८/
२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले.

९/
उत्तरे अनपेक्षित होती. मोठ्या इमारतीत वाट चुकते. पांढरे कापड प्रेतावर घालतात, मग डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत का? आजाऱ्याला ठेवून घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. शिवाय तेथे देव नाही. यांपैकी एकही तक्रार औषधाविरुद्ध नव्हती.

१०/
म्हणून शोधग्राममधील दवाखाना आदिवासी वस्तीसारखा, झोपड्यांचा उभा राहिला. रुग्णासोबत कुटुंबाला राहता येऊ लागले. दवाखान्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. लोकांनी बदलावे ही अपेक्षा धरण्याआधी संस्थेने स्वतःची रचना बदलली होती.

११/
पुढचे पाऊल दवाखान्याबाहेर पडले. ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत, गरज पडल्यास इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. आईने पोटचे तान्हे बाळ ज्या हाती सोपवले, ते हात गावातलेच होते.

१२/
मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू केला. टाळेबंदीचा हुकूम एका दिवसात अहेरीला पोचला. लसीबाबत मात्र हुकूम अपुरा पडला. गोंडी आणि माडियात बोलावे लागले, गावातल्या जाणत्यांची मनधरणी करावी लागली आणि आशा कार्यकर्तीला दारोदार फिरावे लागले. नकार विरघळू लागला तो या संभाषणांतून.

१३/
जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. ज्यांच्या शब्दावर गावाने दंड पुढे केला, त्यांना पुरस्काराआधी मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, ही नोंद इतिहासात राहायला हवी.

१४/
पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. आजाऱ्याला खाटेवर घालून नाला ओलांडण्याची वेळ या भागात आजही येते. पुजारी मात्र गावातच असतो, आपली बोली बोलतो आणि मध्यरात्रीही हाकेला येतो. त्याच्याकडे आधी जाणे हा पुष्कळदा श्रद्धेइतकाच अंतराचाही निर्णय असतो.

१५/
साथ ओसरली की आरोग्ययंत्रणेवरील विश्वास लसीकरणाच्या टक्क्यांत मोजला जातो. अहेरीच्या गावांत तो मोजण्याची वेळ वेगळी आहे. लस देऊन गेलेले पथक पुढच्या आषाढात, नदी फुगलेली असताना, बाळंतिणीसाठी परत येते का, हे तेथील माणूस पाहत असतो. पुढच्या साथीत तो दार उघडेल की लावून घेईल, हे त्या रात्रीच ठरते.