नोकरीची मुलाखत (रत्नागिरी जिल्हा)

नोकरीची मुलाखत : रिक्त पदासाठी अर्ज केलेल्या उमेदवाराची प्रश्नोत्तरांतून केली जाणारी पारख. विषयाचे ज्ञान, कामाची समज, बोलण्यातील स्पष्टता आणि अडचणीच्या वेळी निर्णय घेण्याची रीत यांचा अंदाज तीत घेतला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील तरुणांना मुलाखतीचा प्रसंग मुख्यतः लोकसेवा आयोग, बँका, जिल्ह्यातील कारखाने आणि शिक्षण-आरोग्य क्षेत्रातील संस्था येथे येतो.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कामगारांचा भरणा मोठा होता. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. भरती जॉबरच्या (मुकादमाच्या) हाती असल्याने गाववाल्याची ओळख किंवा नातेसंबंध यांवर काम मिळे. या पद्धतीवर रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात टीका केली. ओळखीवाचून नोकरी लागत नाही, ही समजूत त्या पिढीच्या अनुभवातून आली. आजच्या उमेदवाराने तिच्यापायी तयारी सोडू नये.

गुणांची मर्यादा : केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), गट क आणि तत्सम कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करताना हीच विभागणी स्वीकारली. बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत आयबीपीएस मुख्य परीक्षा व मुलाखत यांना ८०:२० असे वजन देते. हरियाणातील भरतीसंबंधीच्या अशोक कुमार यादव खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने तोंडी परीक्षेला अवाजवी गुण ठेवणे मनमानीला वाव देणारे ठरवले. लेखी परीक्षेत चांगले गुण असलेल्याने मुलाखतीला घाबरण्याचे कारण नाही. मात्र अंतिम यादीत एकेका गुणाने क्रमांक खाली-वर होतात.

तयारी : मुलाखत मंडळाचे बरेचसे प्रश्न उमेदवाराच्या अर्जातूनच निघतात. म्हणून जन्मगाव, शिक्षण, छंद, आधीची नोकरी या प्रत्येक नोंदीवर पुढचे चार प्रश्न स्वतःच काढून उत्तरे मोठ्याने बोलून पाहावीत. छंद म्हणून वाचन लिहिले, तर अलीकडे वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटे बोलता आले पाहिजे.

रत्नागिरीच्या उमेदवाराला जिल्ह्यावरचे प्रश्न चुकत नाहीत. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, थिबा राजवाडा, सावरकरांची स्थानबद्धता (१९२४–३७) व पतितपावन मंदिर, १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे, २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन आणि कातळशिल्पे यांची नेमकी माहिती हवी. वादाच्या विषयांत मंडळ विचारांचा तोल पाहते. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाबद्दल विचारल्यास त्याचे स्वरूप (प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॉट) सांगावे. विजेची गरज, मच्छीमार व आंबा बागायतदारांची उपजीविका आणि सुरक्षिततेच्या शंका मांडून मग आपले मत द्यावे. माहितीवाचूनचा आवेश आणि 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' अशी पळवाट ही दोन्ही उत्तरे पडतात.

कारखान्यात प्रश्न कामावर येतात. फिटर ट्रेडच्या मुलाच्या हाती व्हर्नियर कॅलिपर देऊन माप घ्यायला सांगतात व लीस्ट काउंट विचारतात. नेहमीच्या ५० भागांच्या व्हर्नियरचा तो ०.०२ मिमी असतो. लोटे परशुराम येथील रासायनिक कारखान्यांसाठी जाणाऱ्या एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेडच्या उमेदवाराला अंगावर ॲसिड उडाल्यास पहिली कृती कोणती, हे विचार न करता सांगता आले पाहिजे : भरपूर वाहत्या पाण्याने धुणे. मत्स्यविद्येच्या पदवीधराला १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीमागचे प्रजननकाळाचे व खवळलेल्या समुद्राचे कारण ठाऊक हवे.

कागदपत्रे व प्रवास : मूळ प्रमाणपत्रे व साक्षांकित प्रती मागणीच्या क्रमाने लावाव्यात. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर व अधिवास प्रमाणपत्रे वेळेत काढावीत. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवार स्त्रीने विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात आणि घाटरस्त्यांवर दरडी येतात. मुंबई-पुण्याच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच पोहोचावे.

प्रत्यक्ष मुलाखत : परवानगी घेऊन आत जावे, नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. प्रश्न पूर्ण ऐकून थोडक्यात उत्तर द्यावे. येत नसल्यास 'सर, मला माहीत नाही' किंवा 'मॅडम, आत्ता आठवत नाही' असे सरळ म्हणावे. ठोकून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नात उघडे पडते. राज्यसेवेची मुलाखत मराठीतून देता येते. बोलण्यातला संगमेश्वरी किंवा मालवणी हेल हा दोष नाही; उत्तर ऐकू येईल इतके स्पष्ट असले म्हणजे झाले. पगाराचा विषय खासगी नोकरीत निघतोच. त्याचा आकडा आधी ठरवून जावा.

निवड झाली नाही तर विचारलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून काढावेत आणि अडलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पुढच्या मुलाखतीच्या तयारीला याहून नेमका अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही.