दलाल, अडत्या आणि आज्ञावलीचा पुनर्विक्रेता : तारापूरच्या संदर्भात एक विचार

मध्यस्थाविषयीचा समाजाचा संशय भाषेतही उतरलेला असतो. ‘दलाल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ज्या धातूपासून तो सिद्ध झाला, त्याचा अर्थ ‘वाट दाखविणे’ असा आहे. मराठीत मात्र त्याला शिवीची छटा चिकटली. ‘अडत्या’ माल आपल्या पेढीवर उतरवून घेतो, विकून देतो व त्याबद्दल अडत घेतो. संगणकाच्या आज्ञावलीचा, म्हणजे व्यवहारात जिला सॉफ्टवेअर म्हणतात तिचा, पुनर्विक्रेता या दोहोंपैकी कोणत्या कुळातला, आणि त्याच्यापासून उद्योजकाला खरा लाभ कोणता, हा प्रश्न येथे बोईसर-तारापूरच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्याने वसविलेल्या तारापूर क्षेत्रात रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. मोठ्या कारखान्यामागे मुंबईच्या कचेरीचे पाठबळ असते. लहान कारखान्याची भिस्त मात्र बहुधा एकट्या हिशेबनिसावर असते, आणि पुनर्विक्रेत्याची खरी कसोटी याच ठिकाणी लागते.

या व्यवसायाला एक पूर्वपीठिका आहे. १९७८ साली आयबीएम कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. तिची यंत्रे पुढे चालू राहिली ती सीएमसी या सरकारी कंपनीने देखभालीचा भार उचलल्यामुळे. विक्री व सेवा या दोन निराळ्या गोष्टी होत, हे तेव्हाच सिद्ध झाले. १९८६ साली बंगळूर येथे भरत गोयंका व त्यांचे वडील श्यामसुंदर गोयंका यांनी जो उद्योग सुरू केला, त्यातून ‘टॅली’ ही हिशेबाची आज्ञावली निघाली आणि स्थानिक भागीदार-विक्रेत्यांच्या जाळ्यातून ती गावोगाव पोहोचली.

प्रारंभी हा विक्रेता चकती घेऊन येई व ती संगणकावर बसवून देई. पुढे कायद्याने त्याचे काम पालटले. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. ई-बीजकाची सक्ती २०२० साली पाचशे कोटींवरील उलाढालीपुरती होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवरील उद्योगांपर्यंत उतरली. प्रत्येक पायरीवर कायद्याची भाषा खतावणीच्या भाषेत उतरविणारा कोणीतरी हवा होता. हे भाषांतर जो करतो, तो मूळ अर्थाने दलाल, म्हणजे वाटाड्या होय.

परवाना विकण्याचे मोल मात्र वेगळे आहे. बाजारात तयार मिळणारी आज्ञावली हा ‘माल’ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरविले. २ मार्च २०२१ च्या निर्णयात, परदेशी आज्ञावलीच्या येथील वितरकाला ग्रंथाधिकाराचा कोणताही अंश मिळत नाही, हेही स्पष्ट झाले. आता परवाना महाजालावरून थेट घेता येतो. तेव्हा निव्वळ हस्तांतराने गिऱ्हाइकाच्या पदरात अधिक काही पडते, असे म्हणता येत नाही.

याहून नाजूक प्रश्न निष्ठेचा आहे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा बदल झाला, तेव्हा वादाचा गाभा अडत कोणी द्यावी हाच होता. आज्ञावलीची अडत निर्माता देतो व ती किमतीत दडलेली असते. ज्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून, त्याने ‘तुम्हाला याची गरज नाही’ असा सल्ला द्यावा, ही अपेक्षा फार मोठी आहे.

तात्पर्य, पुनर्विक्रेत्याचे मूल्य खरे आहे; परंतु ते परवान्यात नसून सान्निध्यात व ज्ञानात आहे. म्हणून लहान कारखानदाराने परवान्याची किंमत व सेवेचे शुल्क वेगवेगळे मागावे, आणि हिशेबाची प्रत व तिच्या किल्ल्या आपल्या हाती ठेवाव्यात. विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी यंत्र अडले असता जो धावून येतो, त्याचे शुल्क रास्त होय. जो केवळ नूतनीकरणाच्या वेळी उगवतो, त्याला रूढ अर्थाने दलाल म्हटले, तर भाषेने त्याच्यावर अन्याय केला असे होणार नाही.