ट्रक-ड्रायव्हरची खेप

मुंबईहून आग्र्यास माल नेणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरचा कामाचा दिवस किती तासांचा? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें तो आठ तासांचा ठरविला. लांब पल्ल्यावर परवानगीनें दहा तास, परंतु आठवड्यास 54 हून अधिक नव्हे. पांचांहून कमी नोकरांचा मालक एरवीं या कायद्याबाहेरच राहिला.

मजुरी बहुधा खेपेवर, वर खुराकीचा भत्ता. नाक्यावर गाडी रात्रभर खोळंबे. ड्रायव्हर इंजिनशेजारच्या फळीवर निजे, क्लीनर माल राखी. मालकाच्या हिशेबीं मात्र खेप तेवढीच! आमच्या काळ-काम-वेगाच्या गणितांतही ही थांबलेली वेळ कोणी धरीत नाहीं.

1 जुलै 2017 रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि त्यापाठोपाठ जकातीचे व विक्रीकराचे नाके उठले. गोदामाच्या दाराशीं माल उतरविण्यासाठीं लागणारी रांग अद्याप आहेच.