संपीडन-गुणोत्तर आणि पेट्रोल : अमेरिकन एंजिनांच्या इतिहासातील एक प्रकरण

रस्त्यावर रोज चालवावयाचे, तरीही अधिक शक्तीसाठी मुद्दाम बांधलेले एंजिन किती संपीडन-गुणोत्तराचे असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रकाराचा वाटतो. दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरात असलेली जागा ही तो माथ्याशी आल्यावर उरणाऱ्या जागेच्या कितीपट, एवढेच हे गुणोत्तर सांगते. अमेरिकेतील त्याचा इतिहास मात्र एंजिनापेक्षा पेट्रोलच्या पंपावर अधिक घडला.

गुणोत्तर वाढविले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते. परंतु मर्यादेपलीकडे मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोचण्यापूर्वीच पेटतो, ठोके पडू लागतात व कालांतराने दट्ट्ये निकामी होतात. ही मर्यादा शिशाने पुढे सरकविली. थॉमस मिजली याला १९२१ साली डेटन येथे टेट्राएथिल शिशाचा ठोकेरोधक गुण सापडला. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात त्याच विषाने पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढील अश्वशक्तीचे वैभव या तडजोडीवर उभे राहिले.

१९४७ साली केटरिंग याने १२.५ गुणोत्तराचे प्रायोगिक एंजिन मांडले. तथापि १९४९ च्या ओल्ड्समोबिल ‘रॉकेट’ला ७.२५ वर थांबावे लागले, कारण बाजारातील पेट्रोल त्याहून फारसे सोसणारे नव्हते. १९७० मध्ये शेव्हरोलेचे ४५४ घनइंची एलएस-६ हे एंजिन ११.२५ वर होते. पुढच्याच वर्षी, कमी शिशाच्या ९१ ऑक्टेन पेट्रोलवर चालावे म्हणून, ते ९ वर आले आणि घोषित अश्वशक्ती ४५० वरून ४२५ झाली. ही घट साडेपाच टक्क्यांची. आदर्श ऑटो-चक्राचे गणितही जवळपास तेवढीच सांगते. ज्या त्यागाचा एवढा शोक झाला, तो वस्तुतः इतकाच होता.

जुनी एंजिने पुन्हा बांधणाऱ्यांची खरी फसगत होते ती शब्दाने. १९७१ चे ‘९१’ हे संशोधन-पद्धतीचे माप होते. आजच्या अमेरिकन पंपावरील आकडा हा संशोधन व मोटर या दोन पद्धतींची सरासरी असल्याने तेच पेट्रोल आता सुमारे ८७ ठरते. उलट, त्या काळच्या उंची पेट्रोलचा संशोधन-अंक शंभराच्या आसपास असे, तर आज पंपावर सहसा मिळणारे उत्तम पेट्रोल सरासरीने ९१ ते ९३ असते. म्हणून बिडाच्या हेडवर ९.५ च्या आत राहण्याचा प्रघात पडला. ॲल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर वाहून नेते, तेथे साधारण एक अंक अधिक घेतात. कॅम-दंडामुळे आगमन-झडप उशिरा मिटत असेल, तर कमी वेगात प्रत्यक्ष संपीडन कागदावरील आकड्याहून बरेच कमी भरते. मग ११ देखील निभावते.